उतारावरची गाडी

घर भाड्याने देताना लोक पाण्याची वेळ सांगतात, फाटकाला कुलूप कधी लागतं ते सांगतात. सरांनी मला आधी गाडी दाखवली.

मी तेव्हा नाशिकहून नवीनच आले होते. सेवाग्रामच्या दवाखान्यात रक्तपेढीत नोकरी लागली होती आणि वर्ध्यात ओळखीचं कुणी नव्हतं. बोरगाव मेघेतल्या एका गल्लीच्या टोकाला सरांचं घर होतं. त्यापुढे तुरीचं शेत आणि मग नुसतं ऊन. वर एक खोली आणि लहानशी गच्ची, खाली सर एकटे. खोली बघायला मी जिन्याकडे वळले तर ते म्हणाले, “ते मंग पाहा. आधी इकडं या.”

पोर्चमध्ये एक जुनी अँबेसेडर उभी होती, डिझेलवर चालणारी. रंग सायीसारखा, पण जवळ गेल्यावर दिसलं की तो ब्रशाने दिलेला आहे. दारावर, बॉनेटवर, टपावर ब्रशाचे बारीक फराटे, सगळे एकाच दिशेने, एकही वाकडा नाही. सर शाळेत चित्रकला शिकवायचे हे मला नंतर कळलं. दर दिवाळीला लोक घराला रंग देतात, सर गाडीला देत. घराच्या भिंतींचे पोपडे निघालेले असत.

“सकाळी गाडी सुरू होईन,” ते म्हणाले. “आवाज होईन. धूर वर तुमच्या खिडकीत येईन. चालत असन तर सामान आना, नाई तर आत्ताच सांगा.”

मी सामान आणलं.

रोज सकाळी ती गाडी सुरू व्हायची, कुठे जायचं असो वा नसो. आधी सर किल्ली अर्धी फिरवून स्वस्थ बसत. डिझेल गाडीच्या इंजिनात हीटर असतो, थंडीत तो तापेपर्यंत थांबावं लागतं. डॅशबोर्डवरची तार लाल होईस्तोवर सर स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत राहत. मग किल्ली पूर्ण फिरवत. गाडी एकदा खोकायची, सबंध अंग झाडायची आणि मग तिची टकटक सुरू व्हायची. माझ्या खिडकीचं तावदान थरथरायचं. पहिल्या आठवड्यात मी उशी कानावर दाबून घेत असे. महिन्याभराने त्या आवाजाशिवाय मला जाग येईना.

त्या पोर्चची फरशी रस्त्याकडे चांगलीच उतरती होती. मला ती गवंड्याची चूक वाटली. सरांनी ती मुद्दाम तशी करून घेतली होती. बॅटरी बसली तर गाडी उतारावर सोडून चालू करता यावी म्हणून. “गाडी उतार पाहूनच लावाची,” हा त्यांचा नियम होता आणि तो ते सगळीकडे पाळत. बाजारात जायचं तर रेल्वेच्या पुलाच्या उताराला गाडी लावून पिशव्या घेऊन उलट चालत येत. एकदा त्यांच्या जुन्या सहकाऱ्याच्या मुलाच्या लग्नाला ते मला घेऊन गेले. मंगल कार्यालयापुढे मोकळं मैदान होतं, निम्म्याहून जास्त रिकामं. सरांनी ते नीट पाहून घेतलं, “सपाट हाय” म्हणाले आणि पुढे निघाले. उतार सापडला तो पार कॅनॉलजवळ. आहेराचा डबा हातात घेऊन आम्ही उन्हातून चालत परत आलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. नवरदेवाच्या वडलांनी विचारलं, “काऊन सर, इतका उशीर?” सर म्हणाले, “जागा नव्हती.”

डिकीत त्यांचा संसार असे. पाण्याचा डबा, दोर, गोणपाट आणि कपडे धुण्याच्या साबणाची वडी. साबण कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, टाकी कुठं झिरपली तर लिंपायला. ती वडी बरीच झिजलेली होती.

माणसांचेही त्यांनी दोन प्रकार केले होते. “पेट्रोल भडकते, मॅडम. डिझेल दबते. दाब पडल्याबिगर ते पेटतच नाई.” वर्गातल्या मागच्या बाकावरच्या गप्प मुलाला ते डिझेल म्हणत. त्यांची बायको पेट्रोल होती, पुण्याला असलेली मुलगी पेट्रोल आहे, स्वतः ते डिझेल. “आणि मी?” मी एकदा विचारलं. त्यांनी माझ्याकडे चित्राकडे पाहावं तसं डोळे बारीक करून पाहिलं. “तुमचं अजून समजलं नाई,” म्हणाले.

बायको जाऊन काही वर्षं झाली होती. तिच्याबद्दल ते फार बोलत नसत. एवढंच कळलं होतं की तिला गाडी आवडत नव्हती. बसली की पदर नाकाला लावायची. तरी दर चतुर्थीला दोघं केळझरच्या गणपतीला जात आणि त्या सबंध रस्त्यात ती बोलत असे. “इंजिनाच्या वरताण आवाज काढून बोलाची,” सर म्हणाले. “घरी आलो का घसा बसलेला राहे तिचा.”

मुलगी रविवारी सकाळी फोन करायची. सर ओसरीवर खुर्चीत बसून फोन कानाला लावत आणि म्हणत, “हो. हो. ठीक आहे. जेवलो. हो.” मग पुन्हा, “ठीक आहे.” त्यांचं बोलणं नेहमी तेवढंच. फोन ठेवला की ते तो हातात घेऊन काही वेळ त्याच्या काळ्या पडद्याकडे बघत राहत. मला वाटायचं, बापलेकीचं काहीतरी बिनसलेलं असावं.

आणखी एक गोष्ट होती, जिच्यामुळे गल्लीत लोक त्यांना जरा सरकलेले समजत. गाडी चालू झाली की ते बॉनेट उघडत, शाळेतली एक लांब लाकडी पट्टी काढत, तिचं एक टोक इंजिनावर टेकवत आणि दुसरं दातांत धरत. तसे वाकून, डोळे मिटून, बराच वेळ उभे राहत. पट्टीच्या टोकाला दातांचे व्रण पडले होते. समोरच्या काकू एकदा मला म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही दवाखान्यात हाय ना, दाखवा ना त्याईले कोनाले तरी. गाडीले चावून राह्यले.” मी हसले. आम्ही दोघी हसलो.

त्या हिवाळ्यात एका सुटीच्या सकाळी मी उशिरा उठले. गाडी चालूच होती. चहा झाला, अंघोळ झाली, कपडे वाळत घातले, तरी टकटक थांबेना. पोर्चमधून निळसर धूर गच्चीवर येत होता. मी खाली गेले. गाडीत कुणी नव्हतं. दारं बंद, काचा वर, कुलूप घातलेलं. सर आत आरामखुर्चीत पेपर वाचत होते आणि किल्ली त्यांच्या मांडीवर होती. भांड्यांच्या फळीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणत होते.

मला बघून त्यांनी पेपर खाली केला. “या, या. आज लई शांत वाटून राह्यलं, नाई?”

त्या जुन्या डिझेल गाडीचं इंजिन किल्ली काढल्याने बंद होत नसे. डॅशबोर्डखाली एक काळा खटका होता, तो ओढून धरला की डिझेल तुटायचं आणि मग ती थांबायची. सर तो ओढायला विसरले होते.

“सर, गाडी चालू आहे,” मी म्हणाले.

“हो, हो. ठीक आहे,” ते म्हणाले.

रविवारच्या फोनवरचंच हे वाक्य होतं आणि आवाजही तोच. मी जवळ गेले. मग त्यांचा हात धरला, त्यांना उठवलं, पोर्चमध्ये नेलं आणि तो हात बॉनेटवर ठेवला. बोटांना थरथर लागली तसा त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी हात काढला नाही. मग कुलूप उघडून आत वाकले, खटका ओढला. गल्लीत एकदम शांतता झाली.

“कधीपासून?” मी मोठ्याने विचारलं. त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं.

“ते सांगता येत नाई,” ते म्हणाले. “मिसेस गेल्यावर घरात कोनी बोलतच नव्हतं ना, मॅडम. मंग कान कधी गेले, समजाचं कसं?”

मग ते म्हणाले, “आधी गाडीचा आवाज कमी झाला. मले वाटलं, इंजिन सुधारलं.”

ती पट्टी कशासाठी होती ते मग मला कळलं. दातांतून, हाडातून तो ठोका अजून थोडा ऐकू येत असे.

मुलीला सांगायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं. सांगितलं तर ती आधी गाडी विकायला लावेल आणि मग घर. त्याऐवजी त्यांनी एक व्यवस्था केली. रोज सकाळी मी कामावर जाण्याआधी बॉनेटजवळ उभं राहायचं आणि गाडी कशी वाजते ते त्यांना सांगायचं. सुरुवातीला मला सगळं एकच वाटे. हळूहळू त्यांनी मला शिकवलं. वरून येणारी बारीक टिकटिक म्हणजे व्हॉल्व्ह, ती चालेल. खालून आलेला जड ठोका चालणार नाही. शिट्टीसारखा आवाज म्हणजे पट्टा ढिला. मी हातवारे करून सांगायची. बोट वर म्हणजे वरून, मूठ आपटली म्हणजे जड. सर मान हलवत आणि पान्हा घेऊन वाकत. काकूंनी बहुधा आता मलाही त्यांच्यासारखंच समजायला सुरुवात केली असावी.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी सरांशी जितकं बोलले तितकं कुणाशीच बोलले नाही. रक्तपेढीत काम फार आणि बोलणं कामापुरतं. संध्याकाळी खोलीत आले की दुसऱ्या सकाळपर्यंत तोंड उघडायचं कारण नसे. सरांशी ओरडून बोलावं लागे. वाक्य लहान करावं लागे, समोर उभं राहून सांगावं लागे. पण ते ऐकताना माझ्या तोंडावरची नजर हलवत नसत. इतकं लक्ष देऊन माझं बोलणं त्याआधी कुणी ऐकलेलं नव्हतं.

चतुर्थीला त्यांनी केळझरला जायचं काढलं. बायको गेल्यापासून ते गेले नव्हते. “तुम्ही चाला,” म्हणाले. “कान हाय तुमचे. मी चालवतो, तुम्ही ऐका.” मला ते पटलं नाही, पण त्यांनी ब्रशाने गाडीच्या दाराचा एक उडालेला टवका सकाळीच रंगवला होता आणि इस्त्रीचा सदरा घातला होता.

पवनारचा पूल ओलांडून गाडी नागपूरच्या रस्त्याला लागली. सर आपल्या वेगाने, रस्त्याच्या मधोमध. मागून हॉर्न वाजत होते, मी हाताने डावीकडे दाखवायची, ते बाजूला होत, पुन्हा मधे येत. त्यांचा चेहरा इतका प्रसन्न होता की मला ओरडवत नव्हतं. ते बोलत होते. कपाशीबद्दल, एका विद्यार्थ्याबद्दल, बायको कुठल्या वळणावर काय बोलायची त्याबद्दल. माझं उत्तर त्यांना पोचत नव्हतं आणि ते त्याची वाटही बघत नव्हते.

केळझर जवळ आलं आणि सरांना डाव्या हाताला एक छानसा उतार दिसला.

एक ट्रक हॉर्न देऊन देऊन कंटाळून आमच्या डाव्या बाजूनेच पुढे निघाला होता. मी “सर!” म्हणून किंचाळले. त्यांनी हात बाहेर काढून खूण केली, तीही उजव्या खिडकीतून, आणि स्टिअरिंग डावीकडे वळवलं. ट्रकचे ब्रेक कर्कश वाजले. तो रस्ता सोडून मातीत उतरला, आमच्या मडगार्डला घासला आणि एका बाभळीच्या अलीकडे थांबला. धूळच धूळ झाली. सर गाडी उतारावर व्यवस्थित लावून, हँडब्रेक ओढून खाली उतरले तेव्हा त्यांना काही झाल्याचा पत्ताच नव्हता.

ट्रकचा ड्रायव्हर उडी मारून धावत आला. “ओ काका! मराचं हाय का? हॉर्न देऊन देऊन हात दुखला ना माया! झोपले होते का बे?”

सरांनी त्याच्याकडे पाहिलं, हसले. “हो, हो. ठीक आहे,” म्हणाले.

“ठीक आहे? मस्करी करून राह्यले का?” त्याने सरांची कॉलर धरली. इस्त्रीचा सदरा चुरगळला. सर अजून हसतच होते. काही समजत नसलं की माणूस जसं हसतो तसं. मी मधे पडले.

“त्यांना ऐकू येत नाही!” मी ओरडले. “काहीच ऐकू येत नाही हो त्यांना!”

ड्रायव्हरचा हात सुटला. तो माझ्याकडे बघायला लागला, मग सरांकडे. आणि सर माझ्या ओठांकडे बघत होते. मी काय म्हणाले ते त्यांना नीट कळलं होतं. त्यांचं हसू गेलं. त्यांनी वळून मडगार्डावरचा ओरखडा पाहिला, मातीतली चाकं पाहिली, बाभळीजवळ तिरका उभा असलेला ट्रक पाहिला. ट्रकच्या केबिनमध्ये एक बाई तान्ह्या मुलाला छातीशी घट्ट धरून बसली होती. ते मूल तोंड उघडून रडत होतं. सर त्याच्या उघड्या तोंडाकडे बघत राहिले.

मग त्यांनी ड्रायव्हरपुढे हात जोडले. तो बिचारा खजील झाला. “जाऊ द्या, काका,” म्हणाला आणि माझ्याकडे वळून, “ताई, याईले गाडी नका देऊ ना.”

देवळाच्या पायऱ्या आम्ही चढलो नाही. सरांनी खालूनच टेकडीकडे हात जोडले आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. नाशिकला वडलांची छोटी गाडी मी चालवत असे. या गाडीचा गिअर मात्र स्टिअरिंगच्या बगलेत होता आणि क्लच दाबायला अर्धं शरीर लागत होतं. सर शेजारी बसले, बायको बसायची त्या जागेवर. वर्ध्यापर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. फक्त पवनारच्या पुलाशी म्हणाले, “तिसरा टाका आता.”

त्या रविवारी मुलीचा फोन मी घेतला आणि सगळं सांगून टाकलं. “मला वाटत होतं, बाबा माझ्यावर रागावलेत,” ती म्हणाली. “आईच्या शेवटच्या दिवसांत मी लवकर आले नाही म्हणून. मी दर रविवारी तेच विचारत होते हो त्यांना. रागावलात का, बाबा? आणि ते म्हणायचे, हो, हो, ठीक आहे.”

ती पुढच्याच आठवड्यात आली. बापाला हाताला धरून कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. तपासण्या झाल्या, मशीन आलं, चण्याएवढं. घरी आल्यावर तिने ते त्यांच्या कानात नीट बसवलं, समोर जमिनीवर बसली आणि हळू आवाजात विचारलं, “बाबा, रागावलात का माझ्यावर?”

“काऊन?” सर म्हणाले. “तुयावर काऊन रागाईन मी?”

मी वर निघून गेले. खालून बराच वेळ दोघांचे आवाज येत होते. त्या घरात दोन आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते.

पुण्याला चला, असा तिने खूप आग्रह केला. सर तयार झाले नाहीत. ती गेल्यावर काही दिवसांनी मी पाहिलं, मशीन डबीत ठेवलेलं होतं. “लावत का नाही?” मी विचारलं.

“फोनच्या वेळी लावतो. तुम्ही येता तेव्हा लावतो.” त्यांनी डबी बंद केली. “एरवी नाई लावत. ते लावलं का घर लई रिकामं ऐकू येते, मॅडम. पंखा ऐकू येते, नळ ऐकू येते. आपलंच चालनं ऐकू येते.”

पुढचं वर्षभर रविवारी मी त्यांना गाडीतून फिरवून आणलं. मग मला नाशिकला नोकरी मिळाली. आईचं वय झालं होतं, जाणं भाग होतं. सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली आणि विचारलं, “गाडी कोन चालवन मंग?” दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी विकायची आहे असं दोन-चार ठिकाणी कळवलं.

गिऱ्हाइकं आली. सर प्रत्येकाला फक्त किल्ली देत आणि बाजूला उभे राहत. तार तापायची वाट न बघता बसल्याबरोबर ज्याने सेल्फ मारला त्याला ते लगेच म्हणत, “विकाची नाई.” असे बरेच गेले. एकाने भंगाराच्या हिशेबाने बोलायला सुरुवात केली, त्याला फाटकाच्या आतच येऊ दिलं नाही. शेवटी कारंज्याकडचे एक म्हातारे गृहस्थ आले. जंगल खात्यात जीप चालवून निवृत्त झालेले, बोलायला अगदी कमी. ते आत बसले, किल्ली अर्धी फिरवली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत बसून राहिले. सरांनी माझ्याकडे पाहिलं. “घेऊन जा,” ते त्यांना म्हणाले.

मी निघायच्या आदल्या दिवशी सकाळी ते गाडी न्यायला आले. सरांनी काचा पुसल्या. मग ओसरीवर येऊन कानातलं मशीन काढलं, डबीत ठेवलं आणि तुरीच्या शेताकडे तोंड करून उभे राहिले. शेतात तूर कापून झाली होती, नुसते खुंट होते.

मागे गाडी सुरू झाली, पोर्चमधून उतरली, गल्लीच्या तोंडाशी वळली. सर वळले नाहीत.

“गेली का?” त्यांनी विचारलं.

मला अजून ऐकू येत होती. मोठ्या रस्त्याला लागताना तिने दुसरा टाकला, मग तिसरा. टकटक बारीक होत गेली, मधे एक ट्रॅक्टर आला, तो गेल्यावर पुन्हा क्षणभर ऐकू आली. सर माझ्या तोंडाकडे बघत होते. मी थांबले. अगदी काहीच उरलं नाही तेव्हा मान हलवली.